कॅमेऱ्याचा पासंग : ऑटोफोकसची तपासणी आणि दुरुस्ती

छायाचित्रणाची कला एके काळी शहरातील स्टुडिओवाल्यांच्या हाती होती. खेड्यातील माणसाला कॅमेऱ्यापुढे उभे राहण्याचे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच येत. शाळेतल्या शेवटच्या वर्गाचा एक फोटो, लग्नातला एक फोटो आणि कागदपत्रांना लावायचा एक लहान फोटो, एवढ्यावर अनेकांचे आयुष्य सरले. आज ती स्थिती राहिलेली नाही. मोबाइल घरोघरी पोहोचला आहे. मिररलेस कॅमेरे आल्यापासून आरसा असलेले जुने डीएसएलआर कॅमेरे वापरलेल्या मालाच्या बाजारात पुष्कळ कमी किमतीत मिळू लागले आहेत. बुलडाणा, चिखली, मेहकर, खामगाव, मलकापूर अशा ठिकाणी शिकणारे कितीतरी तरुण असा कॅमेरा घेतात, लग्नसराईत ऑर्डरी करतात आणि त्यावर शिक्षणाचा खर्च भागवतात. स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ही वाट आहे, आणि तिचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

तथापि, स्मरणिकेसाठी छायाचित्रे निवडताना एक गोष्ट आम्हाला वारंवार आढळते. व्यासपीठामागच्या बॅनरवरील अक्षर न् अक्षर वाचता येते, परंतु बॅनरपुढे बसलेल्या वयोवृद्ध पाहुण्यांचा चेहरा मात्र धूसर असतो. आजीच्या कानातील कुडी लख्ख दिसते, डोळे दिसत नाहीत. १९५६ सालचा नागपूरचा दीक्षा समारंभ ज्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला, अशी माणसे आता आपल्यात थोडीच उरली आहेत. त्यांचा आज काढलेला फोटो उद्या पुन्हा काढता येईलच असे नाही. म्हणून चेहरा स्पष्ट येणे ही केवळ हौसेची बाब नव्हे. ती आपल्या कुटुंबांच्या आणि समाजाच्या आठवणींची बाब आहे.

फोटो धूसर आला की दोन मते ऐकू येतात. एक म्हणतो, "फोटो काढणाऱ्याचा हात हलला." दुसरा म्हणतो, "लेन्सच खराब आहे." दोघांपैकी कोणीही तपासून पाहिलेले नसते. मग एखादा विद्यार्थी चांगली लेन्स पडत्या किमतीत विकून मोकळा होतो, किंवा ऑर्डर गमावून खाली मान घालून बसतो. वास्तविक, कॅमेऱ्याचा ऑटोफोकस बरोबर आहे की नाही, हे घरच्या घरी, एक पैसाही खर्च न करता तपासता येते. काही कॅमेऱ्यांत तो दुरुस्तही करता येतो. ते कसे करावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

फोकस म्हणजे नेमके काय?

कॅमेऱ्यासमोरची वस्तू ज्या अंतरावर असेल, त्यानुसार लेन्समधील भिंगे पुढे-मागे सरकवावी लागतात. तसे केले म्हणजे त्या वस्तूची प्रतिमा सेन्सरच्या पृष्ठभागावर नेमकी पडते. काटेकोरपणे पाहिले तर एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू पूर्ण स्पष्ट असते. परंतु तिच्या थोडे पुढे आणि थोडे मागेही आपल्या डोळ्यांना चालेल इतपत स्पष्टता असते. या पट्ट्याला आपण स्पष्टतेची खोली म्हणू.

ही खोली किती असते, याची कल्पना आकड्यांवरून येईल. आपल्याकडील बहुतेक डीएसएलआर लहान सेन्सरचे असतात. अशा कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून दोन मीटरवरील माणसाचा फोटो काढला, आणि लेन्सचे छिद्र एफ १.८ इतके पूर्ण उघडे ठेवले, तर स्पष्टतेची खोली सुमारे ११ सेंटिमीटर मिळते. तेच छिद्र एफ ८ केले तर ती अर्ध्या मीटरच्या आसपास जाते. ८५ मिलिमीटरची एफ १.८ लेन्स घेऊन दीड मीटरवरून केवळ चेहरा टिपला, तर ही खोली जेमतेम दोन सेंटिमीटर उरते. म्हणजे नाकाच्या शेंड्यावर फोकस झाला तर डोळे स्पष्ट येणार नाहीत. मंडपात उजेड कमी म्हणून आपण छिद्र उघडतो, आणि त्याच वेळी चुकीला असलेली जागाही कमी करतो. फोकसच्या तक्रारी रात्रीच्या कार्यक्रमांत अधिक का येतात, याचे एक मोठे कारण हेच आहे.

कॅमेरा फोकस कसा शोधतो?

फिल्मच्या काळात काम केलेल्या फोटोग्राफरांना आठवत असेल की, त्यांच्या कॅमेऱ्याच्या काचेत मधोमध एक लहान गोल असे. त्या गोलात समोरची रेघ तुटलेली दिसे. लेन्सचे कडे फिरवून ते दोन तुकडे जुळवले की फोकस बरोबर झाला असे समजत. लेन्सच्या दोन बाजूंनी येणारा प्रकाश एकमेकांशी ताडून पाहण्याची ही युक्ती होती. डीएसएलआरमधील ऑटोफोकस त्याच तत्त्वावर चालतो. फरक इतकाच की डोळ्याच्या जागी एक लहानसा वेगळा सेन्सर हे काम करतो आणि हाताच्या जागी मोटर. जपानच्या मिनोल्टा कंपनीने १९८५ साली आणलेला ७००० हा कॅमेरा, कॅमेऱ्याच्या आतच ही यंत्रणा बसवून बाजारात यशस्वी झालेला लेन्स बदलता येणारा पहिला कॅमेरा मानला जातो.

आता मुख्य मुद्दा असा. डीएसएलआरमध्ये फोटो ज्या सेन्सरवर उमटतो तो आरशाच्या मागे असतो, आणि फोकस मोजणारा सेन्सर कॅमेऱ्याच्या तळाशी असतो. मुख्य आरशाच्या अर्धपारदर्शक भागातून थोडा प्रकाश आत जातो, मागच्या लहान आरशावरून खाली वळतो आणि त्या सेन्सरवर पडतो. लेन्सपासून या दोन्ही सेन्सरांपर्यंतचा प्रकाशाचा रस्ता अगदी सारख्या लांबीचा असावा लागतो. एफ १.८ च्या लेन्सला येथे चालणारी तफावत साधारण ०.०३४ मिलिमीटर एवढीच असते. वहीच्या साध्या कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते. म्हणजे त्या कागदाच्या जाडीचा एक तृतीयांश! आरसा किंचित सरकला, कॅमेरा एकदा हातातून पडला, किंवा अमुक लेन्स आणि अमुक कॅमेरा यांच्या बनावटीतील बारीक फरकांची बेरीज एकाच दिशेने झाली, की कॅमेरा "फोकस झाला" अशी टिकटिक तर देतो, पण फोटोत स्पष्टता दुसरीकडेच पडते. ती माणसाच्या पुढे पडली तर फ्रंट फोकस आणि मागे पडली तर बॅक फोकस म्हणतात.

याच कॅमेऱ्यात फोकसचा दुसराही मार्ग असतो. मागच्या पडद्यावर चित्र पाहत फोटो काढण्याच्या सोयीला लाइव्ह व्ह्यू म्हणतात. त्या वेळी आरसा वर गेलेला असतो. बहुतेक जुन्या कॅमेऱ्यांत त्या वेळी मुख्य सेन्सरच, चित्रातील काळ्या-पांढऱ्याचा फरक कोठे सर्वांत अधिक आहे, हे लेन्स पुढे-मागे करून शोधतो. हे काम सावकाश होते, पण ज्यावर फोटो उमटायचा त्याच सेन्सरवर मोजणी होत असल्यामुळे दोन रस्त्यांच्या लांबीचा प्रश्नच राहत नाही. म्हणजे आपल्या कॅमेऱ्यातच एक साक्षीदार बसलेला आहे. तपासणीची सारी युक्ती त्या साक्षीदाराची साक्ष काढण्यात आहे.

मिररलेस कॅमेऱ्यांत आरसा नसतो आणि फोकसची मोजणीही मुख्य सेन्सरवरच होते. त्यामुळे हा दोष त्यांत सहसा आढळत नाही. मोबाइलचा सेन्सर फार लहान असल्याने त्याच्या मुख्य कॅमेऱ्यात स्पष्टतेची खोली बरीच मिळते. तेथे फोटो धूसर येण्यामागे बहुधा लेन्सवरचा बोटाचा ठसा असतो. तो मऊ कापडाने पुसला म्हणजे काम भागते.

दोष फोकसचाच आहे काय?

तपासणीला बसण्यापूर्वी इतर कारणे दूर केली पाहिजेत. त्यासाठी धूसर फोटो संगणकावर पूर्ण मोठा करावा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या फोटोत कोठे तरी काही तरी स्पष्ट आहे काय?

सगळाच फोटो एका दिशेने ओढल्यासारखा दिसत असेल तर हात हलला आहे. अशा वेळी शटरचा वेग वाढवावा. पार्श्वभूमी स्पष्ट पण माणसाचे हात-डोके ओढल्यासारखे असेल तर माणूस हलला आहे. सगळीकडे दुधाळ धूसरपणा असेल तर लेन्सवरील धूळ, तेलकट ठसा किंवा पुढे लावलेली हलकी काच तपासावी. परंतु माणूस धूसर असून त्याच्या पुढचे किंवा मागचे काही लख्ख असेल, तरच तो फोकसचा प्रश्न आहे.

तेथेही घाई करू नये. फोकस कोठे करावा हे ठरवण्याचे काम पूर्णपणे कॅमेऱ्यावर सोपवले असेल, तर तो बहुधा जवळची किंवा ठळक दिसणारी वस्तू धरतो. मोठ्या अक्षरांचा बॅनर, पुढे धरलेला हार, मिरवणुकीतला झेंडा यांवर तो जाऊन बसतो. वर सांगितलेल्या बॅनरच्या फोटोंपैकी पुष्कळांचे कारण एवढेच असते. अशा वेळी कॅमेऱ्यात काही बिघाड नसतो. फोकसचा एकच बिंदू निवडावा आणि तो माणसाच्या जवळच्या डोळ्यावर ठेवावा. मधल्या बिंदूने फोकस धरून मग कॅमेरा वळवण्याची सवय असेल, तर उघड्या छिद्रावर तीही सोडावी. कारण कॅमेरा वळला की स्पष्टतेची पातळी माणसाच्या मागे सरकते. आणखी एक गैरसमज येथे दूर केला पाहिजे. डोळा लावण्याच्या काचेजवळ एक लहान चाक असते. ते फिरवल्याने फक्त आपल्या डोळ्याला दिसणारे चित्र स्पष्ट किंवा अस्पष्ट होते. ऑटोफोकसवर त्याचा काही परिणाम होत नाही.

घरच्या घरी तपासणी

लागणारे साहित्य असे : एक ट्रायपॉड, तो नसल्यास भक्कम टेबल आणि पुस्तकांची चळत, एक पुठ्ठ्याचे खोके, ठळक मथळा असलेले वर्तमानपत्राचे पान, तीस सेंटिमीटरची फूटपट्टी, आणि ओसरीवरचा दिवसाचा भरपूर पण सावलीतला उजेड.

१) वर्तमानपत्राचे पान खोक्याच्या सपाट बाजूला ताणून चिकटवावे. ही बाजू कॅमेऱ्याच्या समोर अगदी सरळ असावी, तिरपी नको.

२) खोक्याच्या बाजूला फूटपट्टी तिरपी उभी करावी. शून्याचे टोक कॅमेऱ्याकडे, तीसचे टोक मागे, आणि १५ चा आकडा नेमका कागदाच्या पातळीत.

३) लेन्सच्या फोकल लांबीच्या २५ ते ५० पट अंतरावर कॅमेरा ठेवावा. ५० मिलिमीटरच्या लेन्सला दीड ते दोन मीटर हे अंतर सोयीचे आहे. ज्या अंतरावरून आपण नेहमी फोटो काढतो ते या मर्यादेत बसत असेल तर तेच घ्यावे.

४) छिद्र पूर्ण उघडे, आयएसओ कमी, फोकसचा एकच मधला बिंदू, आणि एका वेळी एकदाच फोकस धरण्याची रीत निवडावी. ट्रायपॉडवर असताना लेन्समधील कंप रोखण्याची सोय बंद करावी. बटण दाबताना धक्का लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

५) प्रथम लाइव्ह व्ह्यू चालू करून मथळ्यावर फोकस धरावा आणि तीन फोटो काढावेत. प्रत्येक फोटोपूर्वी लेन्सचा फोकस मुद्दाम बिघडवावा.

६) नंतर लाइव्ह व्ह्यू बंद करून, डोळा लावून, त्याच मथळ्यावर फोकस धरावा आणि दहा फोटो काढावेत. येथेही प्रत्येक वेळी फोकस बिघडवावा. एकदा अगदी जवळ आणून, एकदा अगदी लांब नेऊन. असे केले नाही तर लेन्स आधीच्याच जागी बसून राहते आणि तपासणीला अर्थ उरत नाही.

फोकस फूटपट्टीवर न धरता सपाट कागदावर का धरावा, असा प्रश्न कोणी विचारील. फोकस मोजणाऱ्या सेन्सरचे क्षेत्र डोळ्याला दिसणाऱ्या चौकटीपेक्षा मोठे असू शकते. तिरप्या पट्टीवर फोकस धरला तर त्याने पुढचा आकडा पकडला की मागचा, हे आपल्याला कळत नाही. म्हणून फोकस कागदावर धरावा आणि निकाल फूटपट्टीवर वाचावा.

सगळे फोटो कॅमेऱ्याच्या लहान पडद्यावर न पाहता संगणकावर पूर्ण मोठे करून पाहावेत. प्रत्येक फोटोत फूटपट्टीवरील सर्वांत स्पष्ट आकडा कोणता, हे वहीत लिहून काढावे. डोळ्याने "बरे वाटते" असे ठरवू नये.

पासंग आणि डगमग

आता वहीतील आकडे वाचू. लाइव्ह व्ह्यूचे तिन्ही फोटो १५ च्या आसपास स्पष्ट असतील तर लेन्स चांगली आहे आणि आपली मांडणीही बरोबर आहे. हे तीन फोटोच एकमेकांशी जुळत नसतील किंवा सगळेच धूसर असतील, तर मांडणी पुन्हा तपासावी. मांडणीत काही चूक नसेल तर दोष लेन्समध्ये आहे.

यानंतर डोळा लावून काढलेले दहा फोटो पाहावेत. येथे जुन्या तराजूचे उदाहरण घेऊ. काही तराजूंना पासंग असतो. दोन्ही पारडी रिकामी असली तरी एक पारडे थोडे खाली राहते. असा तराजू चुकतो, पण दर वेळी तेवढाच आणि त्याच बाजूला चुकतो. हलक्या पारड्याला तेवढे वजन बांधले की तो खरा तोलू लागतो. दुसऱ्या एखाद्या तराजूची दांडीच ढिली असते. तो एकदा इकडे चुकतो, एकदा तिकडे. त्याला कितीही वजने बांधली तरी उपयोग नाही. दांडीच दुरुस्त करावी लागते.

कॅमेऱ्याचेही तसेच आहे. दहाही फोटो १२ च्या आसपास स्पष्ट असतील तर कॅमेऱ्याला पासंग आहे. तो पुढे फोकस करतो आणि त्याची दुरुस्ती होऊ शकते. एक फोटो १० वर, एक १९ वर, एक १५ वर असेल तर ती डगमग आहे. कमी उजेड, मथळ्यातील फिकट अक्षरे, लेन्सच्या मोटरमधील दोष अशी तिची कारणे असतात. चांगल्या यंत्रातही आकडे थोडे इकडेतिकडे होतातच. म्हणून एकाच फोटोवरून निकाल देऊ नये, दहांचा कल पाहावा.

चूक एकसारखी असेल तर ती दुरुस्त होते, याचे जगप्रसिद्ध उदाहरण हबल दुर्बिणीचे आहे. एप्रिल १९९० मध्ये ही दुर्बीण अंतराळात सोडण्यात आली. तिने पाठवलेली पहिली चित्रे धूसर निघाली. तिचा २.४ मीटर व्यासाचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दुपटीहून थोडा अधिक, सपाट घासला गेला होता. गंमत अशी की आरसा अत्यंत काळजीपूर्वक घासलेला होता. ज्या उपकरणाने तो तपासला त्यातील एक भिंग १.३ मिलिमीटरने चुकीच्या जागी बसले होते. दुसऱ्या एका उपकरणाने ही चूक दाखवलीही होती. परंतु ते उपकरण कमी अचूक मानून तिकडे दुर्लक्ष झाले. पुढे चूक किती आणि कशी आहे हे नेमके कळल्यामुळे, तिच्या नेमकी उलट दुरुस्ती करणारी प्रकाशीय उपकरणे डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी बसवली आणि हबलला स्पष्ट दिसू लागले. यातून आपण दोन गोष्टी घ्याव्यात. मोजणाऱ्या उपकरणाचीही दुसऱ्या मार्गाने तपासणी झाली पाहिजे, आणि चूक मोजल्याशिवाय तिची दुरुस्ती करू नये.

दुरुस्ती कशी करावी?

काही डीएसएलआरमध्ये फोकसचा पासंग काढण्याची सोय मेनूतच दिलेली असते. निकॉनमध्ये तिला एएफ फाइन ट्यून म्हणतात, कॅननमध्ये एएफ मायक्रोॲडजस्टमेंट. २००७ सालच्या कॅनन १डी मार्क ३ आणि निकॉन डी३, डी३०० या कॅमेऱ्यांपासून ही सोय या दोन कंपन्यांच्या ग्राहकांच्या हाती आली. कॅननच्या ५०डी मध्ये ती आहे, ६०डी मध्ये काढून टाकली होती, ७०डी आणि ८०डी मध्ये पुन्हा आहे. निकॉनच्या डी७०००, डी७१००, डी७२०० आणि डी७५०० मध्ये ती मिळते. डी३००० आणि डी५००० या मालिकांतील स्वस्त कॅमेऱ्यांत मिळत नाही. कॅननच्या १३००डी, १५००डी यांतही नाही. वापरलेला कॅमेरा घेताना विद्यार्थी मित्रांनी ही बाब ध्यानात ठेवावी.

दुरुस्तीचा आकडा उणे २० पासून अधिक २० पर्यंत ठेवता येतो. कॅमेरा पुढे फोकस करत असेल तर अधिक बाजूला जावे, म्हणजे फोकस मागे सरकतो. मागे करत असेल तर उणे बाजूला जावे. प्रारंभी एकदम १० चा आकडा घालून पुन्हा पाच-सहा फोटो काढावेत. चूक उलट बाजूला गेली तर ५ वर यावे, अद्याप पुरली नसेल तर १५ वर जावे. असे अंतर निम्मे-निम्मे करत गेल्यास चार-पाच फेऱ्यांत योग्य आकडा सापडतो. प्रत्येक फेरीत एकच गोष्ट बदलावी. अंतर, उजेड आणि आकडा एकदम बदलले तर कशाचा परिणाम कशावर झाला, हे कळणार नाही. शेवटी डोळा लावून काढलेले फोटो लाइव्ह व्ह्यूच्या फोटोंइतके स्पष्ट आले म्हणजे काम झाले. २० चा आकडाही पुरत नसेल तर कॅमेरा आणि लेन्स दोन्ही सेवा केंद्रात द्यावीत.

येथे काही सावधगिरीच्या सूचना कराव्याशा वाटतात. हा आकडा त्या लेन्सपुरताच असतो. दुसऱ्या लेन्सचा वेगळा काढावा लागतो. मेनूत सगळ्या लेन्सना एकच आकडा लावण्याचीही सोय असते, तिच्या वाटेला जाऊ नये. झूम लेन्समध्ये एका टोकाला बरोबर असलेला आकडा दुसऱ्या टोकाला चुकू शकतो. कॅननच्या काही नंतरच्या मॉडेलांत दोन टोकांना दोन आकडे देता येतात. इतरत्र ज्या टोकाचा वापर अधिक, त्याचा विचार करावा. आकडा ठरल्यावर वेगळ्या अंतरावर आणि रात्रीच्या दिव्याच्या उजेडातही एकदा पडताळा घ्यावा. कारण काही कॅमेऱ्यांत प्रकाशाचा रंग बदलला की फोकसही थोडा सरकतो. आणि आरशाजवळचे बारीक स्क्रू पिळून दुरुस्ती करण्याचे सल्ले कोणी दिले तरी ते ऐकू नयेत.

ज्यांच्या कॅमेऱ्यात ही सोय नाही त्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. स्थिर बसलेल्या माणसाचा फोटो लाइव्ह व्ह्यूवर काढावा. तेथे पासंगाचा प्रश्नच येत नाही. छिद्र एफ ४ किंवा एफ ५.६ ठेवल्यास स्पष्टतेची खोली वाढते आणि बारीक चूक त्यात सामावते. सिग्मा कंपनीने २०१३ मध्ये आणि टॅमरॉन कंपनीने २०१६ मध्ये आपल्या काही लेन्ससाठी छोटे जोडयंत्र आणले. ते लावून लेन्सच्या आतच दुरुस्ती साठवता येते, मग कॅमेऱ्यात सोय असो वा नसो. आणि कॅमेऱ्याला व लेन्सला मिळून पासंग आहे एवढे सिद्ध झाले की सेवा केंद्रातही नेमकी तक्रार सांगता येते. वहीतील दहा आकडे आणि दहा फोटो पुढे ठेवले म्हणजे "तुम्हालाच फोटो काढता येत नाही" असे उत्तर देणे कोणालाही सोपे जात नाही.

लोणारचा फोटो हा पुरावा नव्हे

आमच्या जिल्ह्यात नवा कॅमेरा घेतलेला तरुण हमखास लोणारला जातो. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते विवर, त्यातील खाऱ्या पाण्याचे सरोवर, काठावरची झाडी हे सारे छायाचित्राला मोठेच आमंत्रण आहे. २०२० साली सरोवराचा समावेश रामसर यादीत झाल्यापासून तर येणाऱ्यांचा ओघ वाढलाच आहे. परत आल्यावर तो तरुण सांगतो, "सरोवर एकदम क्लिअर आले, कॅमेरा चांगला आहे."

परंतु हा पुरावा होत नाही. १८ मिलिमीटरची लेन्स एफ ८ वर ठेवून सव्वादोन मीटरवर फोकस धरला, तर सुमारे एक मीटरपासून क्षितिजापर्यंत सारेच स्वीकारण्याजोगे स्पष्ट येते. तेथे पासंग असला तरी दिसणार नाही. त्याच गावात दैत्यसूदन मंदिर आहे. त्याच्या आतील अंधुक भागात जाऊन, छिद्र उघडे ठेवून एखादे शिल्प जवळून टिपावे. तेथे कॅमेऱ्याची खरी परीक्षा होते. अर्थात, अशा संरक्षित वास्तूत ट्रायपॉड आणि फ्लॅश यांबाबत आधी विचारून घ्यावे. उलट बाजूनेही फसगत होते. उन्हाळ्याच्या भर दुपारी काठावरून लांब पल्ल्याच्या लेन्सने खालचा पक्षी टिपला तर तो लिबलिबीत दिसतो. त्यात कॅमेऱ्याचाही दोष नसतो आणि लेन्सचाही. तापलेल्या दगडावरून उठणारी गरम हवा मधे आलेली असते. सकाळी लवकर जाऊन तोच फोटो काढावा, म्हणजे फरक कळेल.

तात्पर्य, सोप्या प्रसंगात पास झालेला कॅमेरा अवघड प्रसंगात पास होईलच असे नाही, आणि अवघड प्रसंगात नापास झालेला कॅमेरा नेहमीच दोषी नसतो.

समारोप

हे सारे वाचून कोणाला वाटेल की एका फोटोसाठी एवढा खटाटोप कशाला? आमचे म्हणणे असे की, हा खटाटोप एका फोटोसाठी नाही. ही तपासणी सुट्टीच्या एका सकाळी पूर्ण होते, आणि पुढे शेकडो फोटो तिच्या भरवशावर काढता येतात. वर्षातून एकदा, लग्नसराई सुरू होण्यापूर्वी, तसेच कॅमेरा पडल्यास किंवा नवी लेन्स घेतल्यास ती पुन्हा करावी. ज्या विद्यार्थ्यांकडे कॅमेरे आहेत त्यांनी एका रविवारी एकत्र जमून एकमेकांच्या लेन्स तपासाव्यात. एकाचा ट्रायपॉड आणि एकाचा संगणक सर्वांना पुरतो. मुलींनीही यात मागे राहू नये. हे काम ताकदीचे नाही, नीटनेटकेपणाचे आहे.

आणि तपासणी झाली की पहिला फोटो घरातील सर्वांत वडीलधाऱ्या माणसाचा काढावा. खिडकीजवळ उजेडात बसवून, फोकसचा बिंदू डोळ्यावर ठेवून, घाई न करता काढावा. मागे नाव, गाव आणि तारीख लिहून त्याची कागदावर प्रत करून ठेवावी. पुढच्या पिढीला ते डोळे स्पष्ट दिसले पाहिजेत.